माळावरचें लाकूड, दर्यावरचें गलबत
(नभोवाणीवरील भाषण)

बीड जिल्ह्यांतील धर्मापुरी हें गांव ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस तेथील केदारेश्वराचें चालुक्यकालीन देऊळ, जुना किल्ला आणि भोंवतालचीं बालाघाटचीं उघडीं माळरानें आठवतील. समुद्र मात्र खचित आठवणार नाहीं. पश्चिम किनारा तेथून साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. पाऊस बेताचा, ओढे उन्हाळ्यांत कोरडे, आणि गांवच्या सुताराच्या हातीं जन्मभर यावयाचें काय, तर नांगर, कुळव, तिफण, गाडीचें चाक आणि दाराची चौकट. अशा गांवाचें नांव घेऊन जहाजांविषयीं बोलूं लागलें तर आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, असें कोणीहि म्हणेल. तथापि जहाज समुद्रावर चालत असलें तरी तें जन्मास येतें जंगलांत, आणि जहाजाची लहान प्रतिकृति करावयाची झाल्यास त्या कामाला जें लाकूड उत्तम, तें घनदाट अरण्यांतल्यापेक्षां अशाच रुक्ष माळावर अधिक चांगलें सांपडतें. हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल; म्हणून थोडें इतिहासांतूनच त्याच्याकडे जाऊं या.

या प्रदेशाचा समुद्राशीं संबंध नव्हता असें समजण्याचें कारण नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक दर्यावर्द्यानें हिंदी महासागरांतील व्यापाराचें जें वर्णन लिहून ठेवलें त्यांत पैठण व तगर या दोन नगरांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आजचें तेर. धर्मापुरीपासून तें फार लांब नाहीं. तेथील कापड गाड्यांवर लादून, बिकट वाटांनीं, भडोचच्या बंदरास पोंचत असे व तेथून तें जहाजांत चढे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें एक जहाज रंगविलेलें आहे. त्याच्या नाळेवर डोळा काढलेला असून त्यांत पाण्याचे रांजण ओळीनें मांडलेले दिसतात. डोंगरांतल्या लेण्यांत बसून हें चित्र काढणारा चितारी स्वतः दर्या पाहून आला होता, कीं पाहून आलेल्याकडून ऐकून चित्र काढीत होता, हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. एवढें खरें कीं समुद्रापासून दूरच्या माणसालाहि जहाजाचें रूप हातांनीं घडवून पाहावेंसें वाटत आलें आहे. आणि लहान आकारांत मोठी वस्तु उतरविण्याची कला तर इकडे परकी नव्हतीच. चालुक्यशैलीच्या मंदिरांच्या भिंतींवर शिखरांसह कोरलेलीं इवलींशीं देवळें आपण पाहतों, त्या मंदिरांच्या प्रतिकृतीच होत. पाषाणांत तें साधलें, तेव्हां लाकडांत तें अवघड कां असावें?

आतां किनाऱ्याकडे वळूं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडीच्या खाडींत जहाजें बांधविण्यास आरंभ केला, आणि पुढें आंग्र्यांच्या काळांत कुलाबा व विजयदुर्ग येथें मराठी आरमार भरभराटीस आलें. गुराबा, गलबतें, शिबाडें, पालें, मचवे अशीं त्यांत नाना प्रकारचीं तारवें होतीं. हीं बांधण्यास लाकूड कोठून आणावयाचें, हा प्रश्न तेव्हांच्या राज्यकर्त्यांना केवढा जाचत असे याची साक्ष रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील हा ग्रंथ राजनीतीचा, परंतु आरमाराच्या प्रकरणांत तो झाडांविषयीं जें सांगतो तें आजहि थांबून वाचण्यासारखें आहे. सागासारखीं जहाजोपयोगी झाडें स्वराज्याच्या अरण्यांत असतील तीं हुजूरच्या परवानगीनें तोडावीं. आणखी लागेल तें लाकूड परमुलुखांतून खरेदी करावें. आंबा व फणस हींहि आरमाराच्या कामीं येणारीं झाडें, पण त्यांस हात लावूं नये. कारण तीं वर्षादोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकराप्रमाणें वाढविलेलीं असतात, व तोडल्यावर तिच्या दुःखास पार राहत नाहीं. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, त्याला मोल देऊन, मग तें तोडावें; बळजबरी सर्वथा करूं नये.

श्रोतेहो, शत्रु दारांत उभा असतां, एकेक गुराब एकेका किल्ल्याइतकी मोलाची असतां, राज्याचा अमात्य एका कुणब्याच्या आंब्याविषयीं असें लिहितो. मला तर आरमाराच्या लढायांच्या वर्णनांपेक्षां हा परिच्छेद अधिक वजनाचा वाटतो. त्यांत दयेइतकाच हिशेबहि आहे. झाड वाढविणारा हात दुखावला तर पुढच्या पिढीच्या जहाजांना लाकूड कोण देणार?

मुंबईच्या गोदीची हकीगत निराळी. १७३६ मध्यें सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले, आणि १७५० मध्यें तेथें दगडी सुकी गोदी तयार झाली. पुढें शंभर वर्षें वाडियांच्या घराण्यानें तेथें सागवानी जहाजें बांधलीं. त्यांतील 'कॉर्नवॉलिस' हें १८१३ चें. चीनशीं झालेला नानकिंगचा तह १८४२ मध्यें त्याच्याच तख्तावर सह्या होऊन पुरा झाला. 'त्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मलबारच्या सागाचें बांधलें गेलें व १८१७ च्या ऑक्टोबरांत पाण्यांत उतरलें. तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि पाण्यावर आहे. या जहाजाच्या जन्मकथेंत एक मौजेची गोष्ट आहे. त्याचे नकाशे इंग्लंडाहून 'जावा' नांवाच्या जहाजावरून पाठविले होते. १८१२ च्या डिसेंबरांत अमेरिकनांनीं तें जहाज लढाईंत पाडाव केलें, आणि नकाशे गेले. दुसरे नकाशे येईपर्यंत कामाला मुहूर्त लागला नाहीं.

नकाशा हरवला म्हणून जहाज अडलें, पण दुसरा नकाशा निघूं शकला, हें येथें ध्यानांत ठेवावें. कोंकणच्या सुताराला नकाशा लागत नसे. तो डोळ्यांनीं माप घेई, दोरीनें ओळंबा धरी, आणि बापानें शिकविलेलें हातांत उतरवी. त्यामुळें त्याचें काम अडत नसे हें खरें. परंतु जहाज गेलें कीं त्याची सर्व विद्या त्याबरोबर जाई. १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या खाडींत तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें. तें नुसतें लाकूड जळालें नाहीं. ज्यावर तें आरमार कसें बांधलें होतें हें लिहिलेलें होतें तो एकमेव ग्रंथच जळाला, असें म्हणावयास हरकत नाहीं. आज मराठी गुराबेची कल्पना करावयाची तर परक्यांनीं काढलेलीं चित्रें, त्यांच्या पत्रांतील वर्णनें, मराठी कागदांतील हिशेब आणि किनाऱ्यावर पुढें चालत राहिलेल्या पडाव-फत्तेमारींचें साधर्म्य, एवढ्यांवरच भागवावें लागतें. म्हणून अशा गुराबेची प्रतिकृति करणें हा केवळ दिवाणखान्याच्या शोभेचा उद्योग नव्हे. फळी कोठें वळली असेल, बरगडी कोठें जोडली असेल, तोफेचा भार नाळेनें कसा सोसला असेल, हें कागदावर गुळमुळीत ठेवतां येतें, परंतु लाकडांत तें एकदां ठरवावेंच लागतें. लाकूड खोटें बोलूं देत नाहीं.

फ्रेंच नौसेनेंतील फ्रांस्वा-एदमों पारी या अधिकाऱ्यानें हें ओळखलें होतें. त्यानें जगभर हिंडून युरोपेतर लोकांच्या नौकांचीं मापें घेतलीं, व त्यांवर १८४१ पासून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत आपल्या किनाऱ्यावरील नौकाहि आहेत. पुढें पॅरिसच्या नौकासंग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर आपल्याच रेखाटनांवरून त्यानें प्रतिकृति करवून घेतल्या. आपण ज्यांना नेहमींचीं म्हणून दुर्लक्षिलें त्या तारवांचीं मापें एका परक्यानें जपलीं, ही थोडी लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे खरी.

प्रतिकृति कशाच्या करीत? इंग्लंडांत सतराव्या शतकांत आरमारखात्यासाठीं ज्या सुबक प्रतिकृति केल्या जात त्यांना बॉक्स नांवाच्या झुडपाचें पिवळसर लाकूड आणि नासपतीचें लाकूड वापरीत. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडांत कैदेंत पडलेल्या फ्रेंच सैनिकांजवळ हें कोठलें असणार? त्यांनीं शिध्यांतील मांसाचीं हाडें उकळून, घांसून, त्यांचीं जहाजें केलीं, आणि तीं आज संग्रहालयांत मानानें ठेवलेलीं आहेत. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळींतील कारागिरांनीं पांगाऱ्याचें हलकें लाकूड घेऊन रंगीत फळें व खेळणीं घडविलीं. कर्नाटकांत चन्नपट्टणच्या खेळण्यांना काळ्या कुड्याचें हस्तिदंतासारखें पांढरें लाकूड लागतें. हातास लागेल त्या वस्तूचा गुण ओळखणें, ही या सर्वांतील सामान्य गोष्ट. हल्लीं मात्र जहाजाची प्रतिकृति करूं पाहणारा हौशी गृहस्थ परदेशांतून पेटींत बंद होऊन येणारा तयार संच मागवितो, आणि परक्या लाकडाच्या मोजून कापलेल्या पट्ट्या क्रमांक पाहून चिकटवितो. त्यांत हात रमतो, नाहीं असें नाहीं. परंतु लाकूड निवडण्याचें सुख व त्यांतलें शहाणपण दोन्ही त्या पेटीच्या झांकणाबाहेर राहतात.

मग सागाच्या जहाजाची प्रतिकृति सागाचीच कां करूं नये? याचें उत्तर साध्या गणितांत आहे. प्रतिकृतीचें रूढ प्रमाण म्हणजे एक फुटास पाव इंच, अर्थात् मूळ मापाचा अठ्ठेचाळिसावा भाग. 'त्रिंकोमाली'चें दीडशें फूट लांबीचें तोफांचें तख्त या प्रमाणांत तीन फुटांहून थोडें अधिक भरेल, व एक वीत रुंदीची फळी पांच मिलिमीटरांवर येईल. सागाच्या लाकडांत जीं छिद्रें नुसत्या डोळ्यांना दिसतात त्यांतील मोठीं मिलिमीटराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतात. तीं अठ्ठेचाळीस पटींनीं वाढवून पाहा, म्हणजे जहाजाच्या फळीला बोट जाईल एवढालीं भोंकें पडलेलीं दिसतील! असें जहाज बंदरांतच बुडावयाचें. लाकडाची घडण प्रतिकृतीबरोबर लहान होत नाहीं, ही खरी अडचण. म्हणून मोठ्या जहाजाला उत्तम तें लहान जहाजाला निरुपयोगी, आणि ज्याकडे मोठें जहाज बांधणारा ढुंकूनहि पाहणार नाहीं असें सावकाश वाढलेलें, बारीक छिद्रांचें, घट्ट विणीचें लाकूड येथें हवें.

आतां धर्मापुरीच्या माळावर चला. प्रथम डोळ्यांत भरते ती बाभूळ. काळ्या जमिनीच्या बांधांवर तिचें साम्राज्य. गाडीच्या चाकाचा तुंबा, नांगर, तेलघाण्याचे भाग यांना शेतकरी तीच घेतो. कारण ती चिवट आहे आणि धक्का सोसते. तिचा अवगुण म्हणजे वांकडेपणा, आणि जहाजाच्या कामांत तोच गुण ठरतो. जहाजाच्या बरगड्या वांकड्या लागतात. सरळ लाकडांतून त्या कापल्या तर तंतु आडवे तुटून बरगडी दुबळी होते; निसर्गतः वळलेली फांदी मिळाली तर तंतु वळणाबरोबर वळलेले असतात. कच्छ-मांडवीच्या जहाजबांध्यांनीं याच कारणासाठीं बरगड्यांना बाभूळ पसंत केली. प्रतिकृति करणाऱ्यानेंहि बाभळीच्या बोटाएवढ्या जाडीच्या बेचक्या जमवाव्या. तख्त आणि बाजू यांच्या सांध्यांत जे कोनी आधार बसवावे लागतात ते त्यांतून आयते निघतात. फळ्यांना मात्र बाभूळ घेऊं नये. तिची वीण तेवढी बारीक नाहीं.

फळ्यांसाठीं बोर पाहावी. बोरीचें लाकूड तांबूस, घट्ट व जड. खाटेचे खूर, खुंट्या, खडावा असल्या सामान्य कामांत तें आजवर झिजलें. तळाचा कणा आणि पाण्याखालच्या फळ्या यांना त्याचा रंग फार शोभतो. त्याहून बारीक काम, म्हणजे कप्प्या, तोफांचे गाडे, सुकाणूचीं बिजागरीं, कोरीव नाळ, यांना डाळिंबाचें लाकूड घ्यावें. डाळिंबाची बाग छाटल्यावर मनगटाएवढ्या फांद्या चुलींत जातात. त्यांचें लाकूड पिवळसर, गुळगुळीत, आणि छिद्रें नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारीं. युरोपांतील कारागीर ज्या बॉक्सच्या लाकडासाठीं जीव टाकीत त्याच्या फार जवळचें हें लाकूड आहे. लिंबू-संत्र्याच्या जुन्या झाडांचेंहि तसेंच. पेरूचें किंचित् करडें, पण कोरण्यास तेवढेंच मऊसूत व चिवट. तख्ताच्या फळ्या घांसून पांढऱ्या ठेवण्याची जहाजांवर चाल असे; त्यांना डोंगरउतारावरच्या काळ्या कुड्यासारखें दुसरें लाकूड नाहीं. काळ्या पट्ट्यांना रंग फांसण्यापेक्षां टेंभुर्णीचा काळा गाभा किंवा जुन्या चिंचेचा जांभळट गाभा वापरावा. सीताफळ बालाघाटचें भूषण, पण त्याचें लाकूड हलकें व नरम, म्हणून आंतल्या भरावापुरतेंच. आणि कडुलिंब? तो दारें-चौकटींना ठीक आहे. त्याचे तंतु उलटसुलट गुंतलेले असतात, आणि बारीक पट्टी रंधतांना ती हमखास उचकटते.

हें लाकूड तोडल्याबरोबर वापरतां येत नाहीं. पानगळीनंतर हिंवाळ्यांत छाटलेल्या फांद्यांची साल काढावी, टोकांना मेण फांसावें म्हणजे तीं तडकत नाहींत, आणि सावलींत, वाऱ्यावर, निदान वर्षभर त्या पडूं द्याव्या. बाभळीचे ओंडके पाण्यांत बुडवून ठेवण्याची शेतकऱ्यांची रीत आहे. त्यानें पांढऱ्या भागाची कीड टळते. प्रतिकृतीसाठींहि ती रीत सोडूं नये. ज्याला वर्षभर थांबवत नाहीं त्यानें जहाज बांधूं नये, पतंग करावा.

लाकडाखेरीज जें लागतें तेंहि जवळचेंच आहे. फळ्या ठोकण्यास लोखंडी खिळ्यांऐवजीं वेळूच्या बारीक चुका चालतात. पितळी पत्र्याच्या भोंकांतून वेळूची काडी ओढून त्या हव्या तेवढ्या बारीक करतां येतात. दोरखंडांना अंबाडीचा धागा, शिडांना हातसुती कापड. मुंबईच्या जहाजांत फळ्यांच्या कडा एकमेकींत बसवून मध्यें कापूस व राळ भरीत असत. तगराहून भडोचला गाड्यांनीं जाणारें कापड आठवलें, म्हणजे मराठवाड्याच्या कापसाला जहाज कांहीं नवें नाहीं, असें गमतीनें म्हणावेंसें वाटतें.

एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. माळावरचीं झाडें आज सरपणाच्या भावानें मोजलीं जातात. त्यांच्या लाकडाचे गुण सांगणारा सुतार लोखंडी नांगर व रबरी टायर आल्यापासून दुर्मिळ होत चालला आहे. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून १८४७ मध्यें नेमले गेलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन, किंवा विसाव्या शतकाच्या आरंभीं इलाख्याच्या वनस्पतींवर दोन खंड लिहिणारे टॅल्बट, यांच्या ग्रंथांत झाडांचीं देशी नांवें सांपडतात. पण बोरीच्या कोणत्या फांदीची खुंटी होते आणि कोणतीची होत नाहीं, हें ग्रंथांत मिळत नाहीं. तें ज्याच्या हातांत आहे त्याला विचारून घ्यावें, आणि लौकर घ्यावें. मात्र त्या उत्साहांत कोणी उभ्या झाडाला कुऱ्हाड लावूं नये. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड-नियमनाच्या कायद्यांतील यादींत साग, चंदन, खैर, चिंच यांच्याबरोबर आंबा व फणस हींहि झाडें घातलेलीं आहेत. अमात्यांचीं दोन झाडें अडीचशें वर्षांनीं पुन्हां कागदावर आलीं! प्रतिकृतीला लागणारें लाकूड असें कितीसें? बागेची छाटणी, वादळांत मोडलेली फांदी, जुन्या गाडीचा टाकलेला तुंबा, मोडक्या खाटेचे खूर एवढ्यांत तीन फुटांची गुराब सहज उभी राहते. तीं देणाऱ्या कुणब्याला मोल द्यावें, आणि तो नको म्हणाला तर दुसऱ्या बांधावर जावें.

आरंभ कोठून करावा असें कोणी विचारील, तर 'त्रिंकोमाली'पासून करूं नये. तिचे नकाशे आहेत, आणि ती स्वतःच उभी आहे. प्रथम एखादा साधा मचवा घ्यावा. एक डोलकाठी, एक तिरकी परभाण, एक शीड. कोंकणच्या खाड्यांतील जुन्या लाकडी होड्यांचीं मापें, जेथें अजून एखादी किनाऱ्यावर कलंडलेली दिसेल तेथें, स्वतः दोरीनें घ्यावीं. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयांत जुन्या नौकांच्या लहान प्रतिकृति पाहावयास मिळतात. त्यांची बरगडी व फळी यांची मांडणी कांचेबाहेरून का होईना, नीट न्याहाळावी. मग गुराबेकडे वळावें. तिची नाळ पाण्यावर लांबट पुढें आलेली असे, आणि तिच्यावरून समोर तोफा डागीत. ती नाळ खालून कशी आधारली असावी, याविषयीं जाणत्यांत एकमत होणार नाहीं. बाभळीची एक दणकट बेचकी घेऊन तेथें बसवून पाहावी, आणि वर भार ठेवून ती तोलते कीं नाहीं हें बघावें.